दक्षिणेची खिडकी

माझा वास्तुशास्त्रावर काडीचा विश्वास नाही. हैदराबादेत हे मोठ्यानं बोलायची सोय नाही, म्हणून मी ते बहुधा घरातच बोलते. नारायणगुड्याला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या बाईंनी कुणा वास्तूवाल्याच्या सांगण्यावरून स्वयंपाकघरातला चांगला ग्रॅनाइटचा ओटा फोडून दुसऱ्या भिंतीला नेला. तेव्हापासून त्यांचा फ्रिज हॉलमध्ये सोफ्याशेजारी उभा असतो, आणि पाहुण्याला गार पाणी द्यायचं तर आधी त्यालाच जरा सरकायला सांगावं लागतं. मी एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. दिशा म्हणजे काय ते मला माहीत आहे, आणि दिशांना राग-लोभ नसतात हेही माहीत आहे.

अशी मी, आणि वयाच्या चौसष्टाव्या वर्षी सलग आठ महिने याच वास्तुशास्त्राच्या नावाखाली माझ्या एकुलत्या एका मुलीला छळलं. लाज वाटायला हवी, आणि वाटतेही. पण खरं सांगायचं तर त्या आठ महिन्यांत ती माझ्याशी जितकं बोलली तितकं त्याआधी कधी बोलली नव्हती, त्यामुळे पश्चात्तापही नीट होत नाही.

मुलगी मेलबर्नला असते. तिथल्या एका हॉस्पिटलात एक्स-रे आणि स्कॅन काढायचं काम करते. पाच वर्षं म्हणून गेली होती. तिला विमानात बसवून परत येताना तिचे बाबा मला म्हणाले होते, पाच वर्षं कशी जातील कळणारही नाही. ते स्वतः तिसऱ्याच वर्षी गेले. पाचाची सात झाली. लग्न करणार नाही हे तिनं केव्हाच सांगून टाकलं होतं आणि त्यावर जे भांडायचं ते आम्ही दोघींनी मनसोक्त भांडून घेतलं होतं. आता माझा जीव एकाच गोष्टीत अडकला होता, ती परत कधी येणार. पण विचारायचं नाही असं मी ठरवलं होतं. विचारलं आणि ती 'नाही' म्हणाली तर पुढं काय करायचं ते मला सुचत नव्हतं.

कामावरून घरी जाताना ती रोज फोन करते. तिची संध्याकाळ होत आलेली असते, माझी दुपार. त्या दिवशी मी भेंडी चिरत होते आणि फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला होता. ती ट्रॅममध्ये बसलेली, मागून खिडकीतून झाडं पळत होती.

"आई, एक सांगू? परेशान नक्को होऊ."

"झाले. आता सांग."

"घर घ्यायचं म्हणतेय. इथं."

इतकी वर्षं मी मनाची समजूत घालत होते की भाड्याच्या घरात राहणारं माणूस म्हणजे निघायच्या बेतातलं माणूस. आज ना उद्या सामान बांधेल. घर घेतलं म्हणजे संपलं. पण हे तिला सांगणार कसं? विळीवर हात तसाच राहिला आणि तोंडातून आपोआप निघालं, "मुख कोणीकडे आहे?"

"कुणाचं?"

"घराचं ग. पूर्वेला का पश्चिमेला?"

ती एवढ्यानं हसली की शेजारी बसलेल्या बाईनं वर बघितलं. "आई! तू कधीपासून ह्या लफड्यात?"

"वय झालं की पडतं माणूस," मी म्हणाले, आणि भेंडीची शेपटं बाजूला काढू लागले.

मी हे ठरवून केलं नव्हतं, एवढं तरी माझ्या बाजूनं लिहून ठेवते. पण ते घर पश्चिमेला तोंड करून निघालं, मी नको म्हटलं, आणि आश्चर्य म्हणजे तिनं ऐकलं. "लाइट घे ग, मनावर नको घेऊ, दुसरं बघते," म्हणाली. एक घर बाद झालं आणि मला चटकच लागली. दुसऱ्या घराचा नकाशा तिनं पाठवला तो मी चष्मा लावून तासभर पाहिला. ईशान्येला संडास सापडला तेव्हा जो आनंद झाला तो मुलांच्या उत्तरपत्रिकेत चूक सापडल्यावरही कधी झाला नव्हता.

मग मी रीतसर तयारीला लागले. रविवारी आबिड्सला बंद दुकानांपुढं जुनी पुस्तकं पसरलेली असतात. तिथं जाऊन वास्तूवरचं एक हिंदी पुस्तक घेतलं. कव्हर नव्हतं, त्यामुळे कुणाला दिसेल ही भीती नव्हती. त्यात नाही मिळालं ते समोरच्या बाईंकडून काढून घेतलं. त्या बिचाऱ्या मनापासून सांगायच्या. "टीचरम्मा, ईशान्य कटा हुआ है तो नक्को बोलो. बच्ची अकेली है ना उधर, उसकूच तकलीफ होती." त्यांच्या बोलण्यात माझ्या मुलीची खरी काळजी होती. ती काळजी मी उसनी घ्यायची आणि हत्यार म्हणून वापरायची. त्यांच्या हॉलमधल्या फ्रिजला हसणारी मी त्यांचा चहा पीत बसायची आणि कागदावर दोष उतरवून घ्यायची.

तिसरं घर पडलं, चौथं पडलं. तिथं घरं मिळायची तरी कुठं सोपी होती! एके दिवशी तिनं नियम समजावून सांगितले. तिच्यासारख्यांना, म्हणजे कायमचा व्हिसा नसलेल्यांना, आधी कुणी राहून गेलेलं जुनं घर विकत घेता येत नाही. नवंकोरं घर तरी घ्यायचं, नाहीतर मोकळा प्लॉट घेऊन त्यावर बांधायचं. आणि त्यालाही आधी सरकारकडे अर्ज करून परवानगी मागायची. त्या अर्जात तिच्यासाठी जो शब्द होता तोही तिनं वाचून दाखवला, फॉरेन पर्सन.

"परदेशी? तुला?" मी एकदम चिडले. "सात वर्षं त्यांच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांची हाडं बघतेस तू!"

"हौ, पण कागदावर परदेशीच ना आई."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ धुसफुसत होते. आमची मंडळी मूळची मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांपैकी. माझे आजोबा हैदराबादेत आले तेव्हा एकाच राज्यातल्या एका गावातून दुसऱ्या गावात आले, पुढं रेषा बदलल्या आणि आम्ही जागच्या जागी परप्रांतातले झालो. तरी घर घेताना आम्हाला कुणी अर्ज करायला लावला नाही. रात्रीचा कुकर लावता लावता मात्र माझं मन उलट्या बाजूनं विचार करू लागलं. म्हटलं, लिहू देत की परदेशी. जोवर ते तिला परदेशी म्हणतायत तोवर ती आपली आहे. त्या शब्दाचा मला चक्क आधार वाटायला लागला. देवापुढं दिवा लावताना मी तो अर्ज नामंजूर होऊ दे असं म्हटलं. आई म्हणवणाऱ्या बाईनं हे असलं मागावं! पण मागितलं.

अर्ज मंजूर झाला. तिनं ते सांगितलं तेव्हा तिचा आवाज इतका उजळला होता की मी "अगबाई, छानच झालं" म्हणाले आणि फोन खाली करून पदरानं डोळे पुसले.

मग प्लॉटची गोष्ट निघाली आणि मला पुन्हा धुगधुगी आली. आम्हा हैदराबादच्या लोकांना प्लॉट कळतो. इथं बहुतेकांचा शहराबाहेर कुठल्यातरी व्हेंचरमध्ये, म्हणजे माळ आखून पाडलेल्या लेआउटमध्ये, एखादा प्लॉट असतोच. चार कोपऱ्यांवर चार दगड रोवायचे, वर्षातून एकदा सहकुटुंब जाऊन झुडपं तोडून यायचं, तिथंच डब्यातला पुलिहोरा, म्हणजे चिंचेचा भात, खायचा आणि घरी यायचं. वीस-वीस वर्षं त्यावर वीट चढत नाही. मला वाटलं, तिनंही असाच एक घ्यावा, दगड रोवावेत आणि इकडं निघून यावं.

"प्लॉट चांगला," मी उत्साहानं म्हणाले. "घेऊन ठेव. बांधायची काय घाई आहे?"

"तसं नाही चालत इथं. आमच्यासारख्यांनी प्लॉट घेतला की ठरावीक वर्षांत बांधावंच लागतं. नुसता ठेवला तर दंड."

म्हणजे तिथल्या सरकारनं माझ्यासारख्या बायकांचा आधीच विचार करून ठेवला होता.

पूर्वेला तोंड असलेला प्लॉट मिळाला. चौकोनी, एकही कोपरा कापलेला नाही, समोरून रस्ता अंगावर येत नाही. मी पुस्तक उलटंपालटं केलं, काही सापडेना. मग घराच्या नकाशावर घसरले. स्वयंपाकघर आग्नेयेला हवं, देव ईशान्येला, वडीलधाऱ्यांची खोली नैर्ऋत्येला, जिना घड्याळाच्या दिशेनं चढणारा. मला वाटलं तिथला गोरा बिल्डर हे ऐकून हात जोडेल. पण त्याच्याकडे आपल्या लोकांसाठी वेगळा नकाशाच छापून तयार होता. "तो मलाच विचारत होता, पूजा रूमला दोन दारं हवीत का," मुलगी हसत सांगत होती. माझी एकेक अट ती हौसेनं पुरी करत गेली. प्रत्येक वेळी फोन करून, "हे पण झालं आई, अब खुश?" असं विचारायची. मी खूश म्हणायची. दुसरं काय म्हणणार?

शेवटी एकदा तिनं विचारलं, "हे सगळं घरासाठी झालं. तुला काय हवं? नैर्ऋत्येची खोली तुझी आहे. त्यात काय करू?"

या प्रश्नाची मी तयारी केली नव्हती. पुस्तकात त्याचं उत्तर नव्हतं. मला एकदम आमची गॅलरी आठवली. आमच्या फ्लॅटची गॅलरी दक्षिणेला आहे, हिवाळ्यात तिथं दिवसभर छान तिरपं ऊन येतं. ती लहान असताना शनिवारी अर्धी शाळा सुटली की मी तिथं उन्हाकडं पाठ करून वह्या तपासत बसायची, आणि ती माझ्या पाठीला पाठ लावून गोष्टीचं पुस्तक वाचायची. मराठी वाचायचा तिला कंटाळा, पण तिथं बसली की वाचायची. तिच्या वेण्यांचे गोंडे माझ्या पाठीला टोचायचे. बाकी सगळ्या अटी मी खोट्या घातल्या होत्या, ही एकच मनातून आली.

"मला दक्षिणेला मोठी खिडकी दे," मी म्हणाले. "थंडीत पाठीवर ऊन घेत बसता येईल अशी."

तिनं ते मला पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मला वाटलं रेंज बरी नाही.

"बरं," ती म्हणाली. "देते."

घर झालं. वास्तुशांतीला मी गेले नाही, गुडघ्यांचं निमित्त केलं. खरं म्हणजे तिथं जाऊन ते घर डोळ्यांनी बघितलं असतं तर ते खरं झालं असतं. तिनं मोबाइलवर सगळं दाखवलं, गुरुजी, होम, शेजारचे दोन गोरे मांडी घालून बसायची धडपड करत असलेले. तो त्यांचा उन्हाळा होता, सगळं घर लख्ख उजेडात होतं. मी इथून अक्षता टाकल्या त्या फोनच्या काचेवर पडल्या.

जून लागला. एका रविवारी सकाळी मी चहा घेत बसले होते आणि तिचा फोन आला. तिथं ऐन दुपार होती. अंगात जाड जाकीट, डोक्याला टोपी, नाकाचा शेंडा लाल. मी म्हटलं, अग घरात आहेस ना, मग ही काय दशा. ती घरभर फिरत काहीतरी शोधत होती आणि बोलत होती. देवघरावरून गेली, तिथं ऊन. पुढं कपडे धुवायची चिंचोळी खोली लागली, ती तर उन्हानं भरून गेलेली. तिनं वाळत टाकलेले मोजेसुद्धा चमकत होते. मग ती माझ्या खोलीत शिरली आणि फोनच्या पडद्यावर अंधारून आलं. ती मोठी खिडकी पलंगाच्या बाजूला तशीच होती. बाहेर राखाडी कुंपण, आणि खालच्या गवतावर दुपारी बारा वाजता दव.

"तिकडं ढग आलेत का?" मी विचारलं.

"नाही."

माझ्या हातातला कप खाली ठेवला गेला. दक्षिण गोलार्ध! तिथं सूर्य उत्तरेकडून जातो. दक्षिणेच्या खिडकीत हिवाळाभर उन्हाचा कवडसासुद्धा येणार नाही. हे मी एकतीस वर्षं शिकवलं, संत्रं आणि बॅटरी घेऊन शिकवलं. सहामाहीत एक प्रश्न तर माझा ठरलेला असायचा: दक्षिण गोलार्धातील थंड प्रदेशात घराच्या मोठ्या खिडक्या उत्तरेस ठेवतात, भौगोलिक कारणे द्या. चार गुण. आणि मी, गॅलरीतलं ऊन आठवून, सूर्यालाच तिकडं नेऊन बसवलं. तोंडघशी पडणं म्हणतात ते हेच.

आणि मग दुसरी गोष्ट लक्षात आली. मुलगी माझ्याच वर्गात शिकली होती. तिला त्या प्रश्नाचे चारपैकी चार मिळाले होते.

"तुला माहीत होतं," मी म्हणाले.

"हौ."

"तेव्हाच?"

"तू बोललीस तेव्हाच. इथं तर घरं विकणारे आधी उत्तर दिशा कुठं ते सांगतात आई, मग खोल्या किती ते सांगतात."

"मग मूग गिळून का बसलीस? एक शब्द बोलायला काय झालं होतं? एवढं घर बांधलंस, आणि मुद्दाम माझी खोली अंधारी केलीस!" मी रागावलेच. चूक माझी असली की मला जास्त राग येतो.

ती त्या पलंगावर बसली. फोन तिनं कुठंतरी टेकवला असावा, कारण तिचे दोन्ही हात जाकिटाच्या खिशात गेले.

"आई, आठ महिने तू माझ्या बेतात खो घालत होतीस. मला काय समजत नव्हतं? तू आणि वास्तू! बाबा असते तर किती हसले असते. तू ईशान्य म्हणायचीस, मी ईशान्य करायची. आग्नेय म्हणायचीस, ते करायची. मला बघायचं होतं, सगळं केल्यावर तू काय बोलतेस ते. मग तू एकदम ऊन म्हणालीस. पूर्ण घरात तेवढी एकच गोष्ट तू खरी मागितलीस. ती चूक आहे असं कसं सांगू तुला? सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, जाऊ दे मग, मला काहीच नको. मला माहिती आहेस ना तू."

मी अगदी तसंच म्हटलं असतं.

मग मला बोलावंच लागलं. आठ महिने आणि त्याआधी सात वर्षं जे गिळलं होतं ते बाहेर आलं. "मला घर नकोच होतं ग. पूर्वेचं नको, पश्चिमेचं नको. मला तू इथं हवी होतीस. रोज वाटतं. दारावर कुणी बेल वाजवली की वाटतं."

"मी येणार नाहीये आई," ती म्हणाली. किती हळू म्हणाली! "भेटायला येईन. राहायला नाही येणार. मला इथं बरं वाटतं. मी किती दिवस हे बोलायचं म्हणते आणि बोलता येत नाही. म्हणून प्लॉट, म्हणून नकाशे. वाटलं, घर बघितलंस की तूच समजून घेशील."

ज्या वाक्याला मी इतकी वर्षं भीत होते ते येऊन गेलं होतं, आणि मी तिथंच खुर्चीत बसलेली होते. चहावर साय धरली होती. खालून भाजीवाल्याचा भोंगा ऐकू येत होता.

"तू येशील?" तिनं विचारलं. "कायमची? सगळे कागद मी करते."

मी खरंच विचार केला. उगाच नाही सांगत, डोळे मिटून विचार केला. हे घर, समोरच्या बाई, आबिड्सचा रविवार, ज्या गावात माझं माणूस गेलं ते गाव. आणि तिथं मी फॉर्मवर काय लिहिणार, तोच शब्द.

"नाही ग बाळा," मी म्हणाले. "मलाही नाही जमणार."

तिनं मान हलवली. आम्ही दोघींनी एकमेकींकडं एकच मागितलं होतं आणि दोघींनी नाही म्हटलं होतं. ती रडत होती आणि टोपीनंच डोळे पुसत होती. मीही रडले. फोन मात्र कुणीच ठेवला नाही.

मग तीच म्हणाली, "एक सांगू? ओरडू नको."

"सांग."

"मी रोज संध्याकाळी ह्या खोलीत हीटर लावते. अर्धा तास."

"रिकाम्या खोलीत?"

"हौ. बंद खोली लई गार पडते. मला नाही बघवत."

एरवी मी तिला विजेवरून, उधळेपणावरून, सगळ्यावरून झापलं असतं. शब्द ओठांवर आलेही होते. मी तिच्या मागच्या त्या अंधाऱ्या भिंतीकडं, नीट घातलेल्या पलंगपोसाकडं बघत राहिले.

"अर्ध्या तासानं काय होतंय," मी म्हणाले. "तासभर लाव."